एका मताचं उट्टं

अहो, गावच्या वाचनालयाची मंडळी तुमच्या नावाने स्मरणिका काढत आहेत. माझ्याकडे दोन पानं मागितली आणि वर शीर्षकही आणून दिलं: 'मोठ्या मनाचा माणूस'. मी ते त्यांच्यासमोर खोडलं. मन मोठं होतं हे मलाही मान्य आहे, पण त्या मोठ्या मनाशेजारी तीस वर्षं अंग चोरून मी बसले आहे, तेव्हा शीर्षक माझं असेल असं सांगितलं. बिचारे चहा न घेताच गेले.

तुमचा जन्म, शिक्षण, तुम्ही बांधून घेतलेला पाण्याचा हौद, हे सगळं बाकीचे लिहितीलच. मला तुमच्याशी भांडायचं आहे. परवा शहाद्याला तहसील कचेरीत पोटनिवडणुकीची मतमोजणी झाली. तुम्ही गेल्यावर ग्रामपंचायतीत रिकामी झालेली जागा, तिचीच निवडणूक. मी उभी होते. निकाल काय लागला ते शेवटी सांगेन. तुम्ही एक गोष्ट माझ्यापासून सात महिने लपवलीत, आता दोन पानं कळ काढा.

बाहेरगावचं कुणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी थोडं मागचं सांगते. आमचं गाव तापीकाठचं, केळी-कापसाचं. मोठे पक्ष मोठ्या निवडणुकीला येतात. गावात मात्र दोनच पक्ष, आपलं ग्रामविकास पॅनल आणि त्यांचं परिवर्तन पॅनल. गेल्या वेळी सरपंचपदाला आपल्याकडून तुम्ही उभे होतात, चिन्ह कपबशी. त्यांच्याकडून मुरलीनाना, चिन्ह छत्री. नाना म्हणजे आपल्या भिंतीला भिंत लागून राहणारा, शाळेत तुमच्याच बाकावर बसलेला, तुमच्याच डब्यातली दशमी खाऊन वाढलेला. त्या निवडणुकीत तुम्ही एका मताने पडलात. आपल्या वॉर्डातून सदस्य म्हणूनही तुम्ही अर्ज भरला होता, त्यात निवडून आलात. म्हणजे सरपंच त्यांचा आणि नऊ सदस्यांत पाच आपले. नाना खुर्चीवर बसायचा आणि तुम्ही पाच जण त्याला हलू द्यायचा नाहीत, अशी सगळी गंमत होती.

त्या निवडणुकीत मी आयुष्यात पहिल्यांदा तुमचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. नंतर 'हे' आणि 'अहो' यांवर संसार झाला. प्रचाराला बायकांना घेऊन निघाले तेव्हा पहिल्याच दारात माझी जीभ अडकली. "यास्ले मत द्या" म्हटलं, तर आतून म्हातारी विचारते, "कोनले?" सगळ्या हसल्या. मग मी डोळे मिटून म्हटलं, "रतिलालले." संध्याकाळपर्यंत भिलाटीच्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीच्या, शेवटच्या घरापर्यंत मी तुमचं नाव दोनशे वेळा तरी घेतलं असेल. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मंग आते घरमा बी घे." मी घेतलं नाही. तुम्ही गेल्यावर घ्यायला लागले, एकटी असले की.

आता त्या मताची गोष्ट. आपल्या गावात एक रीत आहे, तुमच्या आणि नानाच्या आजोबांनी घालून दिलेली. मतदानाच्या सकाळी समोरासमोरचे दोन उमेदवार सलीमचाचाच्या हॉटेलात एका बाकड्यावर बसून एकाच किटलीतला चहा पितात. मग दोघं बरोबर शाळेत जातात आणि एकमेकांना मत देतात. स्वतःचं मत स्वतःला द्यायचं नाही. निवडणूक संपल्यावरही एकाच विहिरीचं पाणी प्यायचं आहे, म्हणून ही रीत. तालुक्यात लोक आम्हाला यावरून हसतात. पण आजवर कुणी ती मोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्या सकाळी तुम्ही पांढरा सदरा घालत होतात आणि मी बटणं लावता लावता तुम्हाला सांगत होते की लढत अटीतटीची आहे, आज आजोबांना बाजूला ठेवा. तुम्ही म्हणालात, "स्वतःले मत देनारा मानूस गावले काय देनार शे?"

मी म्हटलं, "आत कोन देखस तुम्हले?"

"मी देखस ना," तुम्ही म्हणालात आणि टोपी उचलून निघालात.

हे वाक्य ऐकून तेव्हाच मला राग आला होता. नवऱ्याचा अभिमान वाटावा अशी ती वेळ असेल, पण मला राग आला. मी दारातून बघत होते. तुम्ही आणि नाना बाकड्यावर बसलात, त्याने तुमच्या बशीत त्याच्या कपातला चहा ओतला, दोघं कशावर तरी खदखदून हसलात आणि शाळेकडे गेलात. तुम्ही आत जाऊन छत्रीचं बटण दाबलंत.

संध्याकाळी तुम्ही शेंगा सोलत बसला होतात. दुसऱ्या दिवशी एका मताने पडून आलात. मी म्हटलं फेरमोजणी मागा. तुम्ही म्हणालात, "मशीनमा जे शे तेच निघी." मी म्हटलं, नानाने रीत पाळली नसेल. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे." त्याच वेळी नानाचा गुलाल आपल्या ओट्यावर उडत होता, वाजंत्री मुद्दाम आपल्या दारासमोर थांबली होती, आणि तुम्ही उठून त्याला हार घालायला गेलात. हार तरी घरचा नव्हता का हो? मी सत्यनारायणाला करून ठेवलेला झेंडूचा होता तो. ते मी अजून विसरलेले नाही.

मी विसरतच नाही. तुम्ही मला म्हणायचात, विमल, तू नागिणीसारखा डूख धरतेस. धरते. तुम्ही धरत नव्हतात म्हणून घरात कुणीतरी धरायलाच हवा होता. मावशीच्या मुलीच्या लग्नात तुमचं पान शेवटच्या पंगतीत मांडलं होतं ते मला आठवतं, तुम्हाला नाही. साखर कारखान्याच्या मतदानात तुमच्या भाच्याने ऐनवेळी पाठ फिरवली, त्याला तुम्ही दिवाळीला बोलावलंत आणि मी त्याच्या ताटात लाडू वाढला नाही. यावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो. तेही भांडण तसंच राहिलं. तुमच्याशी सगळीच भांडणं अर्धवट राहायची, कारण तुम्ही मधेच हसायचात.

मग निवडणुकीनंतर आठ महिन्यांनी, केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघायला म्हणून गेलात ते घरी चालत आला नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणते ते एक मत. तुम्ही बोलला नाहीत, पण त्या आठ महिन्यांत तुमचा घास कमी झाला होता, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळतं. आणि तुमच्या तिरडीला पहिला खांदा कुणाचा, तर नानाचा. सगळं गाव म्हणालं, बघा, याला म्हणतात मैत्री. अस्थी न्यायला प्रकाश्याला गाडी काढली तर तिच्यातही पुढच्या सीटवर तोच.

तिसऱ्या दिवशी बायका दारावर आल्या. दारावर म्हणजे आमच्याकडे सांत्वनाला. यायचं, सुतकाच्या घरच्या बाईजवळ बसायचं, रडायचं, जायचं. नानाची बायको जमनाबाई माझ्या अगदी जवळ बसली. तुम्हाला ती ठाऊकच आहे, मांजराचं पिल्लू हुसकायलाही जिचा हात उठत नाही. बाकीच्या गेल्या तरी ती उठेना. शेवटी माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "विमल, पोटमा ठेवता येत नही माले. त्या दिवस यास्नी रतिलालभाऊले मत दिन्हं नही. घर ईसन माले म्हने, मी काय येडा शे का?"

तोवर मी तुमच्यासाठी रडत होते. त्यानंतर माझं रडं थांबलं ते थांबलंच. बायकांना वाटलं धक्का बसला. मला हिशेब साधा दिसत होता: तुम्ही रीत मोडली असती तर तुम्ही जिंकला असतात. त्याने पाळली असती तरी तुम्हीच जिंकला असतात. एकाने पाळली आणि एकाने मोडली, म्हणून पाळणारा आता फोटोत बसला आहे आणि मोडणारा सरपंच आहे.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी जेवणं झाली, पुरुष ओट्यावर बसले. नानाने घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "रतिलालनी जागावर वहिनीस्ले बिनविरोध देवानं. गावनी शोभा ऱ्हाई." माना डोलल्या. गेलेल्याच्या बायकोला जागा बिनविरोध द्यायची, ही जिल्हाभर चालणारी गोष्ट आहे, आणि ती चांगलीही आहे. पण आता सदस्य चार इकडे आणि चार तिकडे होते, मधे तुमची रिकामी खुर्ची. मी त्याच्या उपकाराने त्या खुर्चीत बसले असते तर जन्मभर हात वर करताना त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

मी दाराआडूनच म्हटलं, "बिनविरोध नको. कोनले तरी उभं करा. माले लढनं शे."

ओट्याखाली पत्रावळ चाटणाऱ्या कुत्र्याला कुणीतरी हाकललं. तुमचे काका म्हणाले, "आजना दिन असं बोलू नही, विमल." मी म्हटलं, मग उद्या बोलते.

दुसऱ्या दिवशी नाना एकटा आला. पाट दिला तरी बसला नाही. त्याला वाटलं मला राग आला आहे तो जागेचा. मी त्याला जमनाबाईचं नाव न घेता म्हटलं की तुम्ही रीत मोडलीत हे मला ठाऊक आहे. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "वहिनी, रतिलालले मालूम व्हतं. महिनाभरमा मी स्वता सांगं त्याले. तो नुसता हसना."

"काय म्हने?"

"म्हने, घरमा सांगू नको, नहीतं विमल तुन्हं घर जाळी टाकी."

अहो, हे ऐकून मला काय झालं असेल? तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही सात महिने त्याच्याबरोबर संध्याकाळी पारावर बसत होतात. मी भिंतीपलीकडे त्याच्या नावाने बोटं मोडत होते तेव्हा तुम्ही गालात हसत होतात. ज्याने तुम्हाला फसवलं त्याच्याशी तुमचं एक गुपित होतं आणि ते माझ्यापासून राखलेलं होतं. नानाचा गुन्हा मोठा की तुमचा, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. तुम्हाला शिक्षा करता येत नाही, म्हणून दोघांची मी त्यालाच द्यायची ठरवली.

तो दारातून परत फिरला आणि म्हणाला, लढायचंच असेल तर मग आमच्याकडूनही उमेदवार येईल. आला. त्याने जमनाबाईला उभं केलं. दुसरं कुणी माझ्याविरुद्ध उभं राहायला तयार झालं नाही आणि तिला नाही म्हणता येत नाही.

चार महिने मी कसे घालवले ते सांगते, तुम्हाला आवडणार नाही. मी पांढऱ्या साडीत प्रचार केला. रंगीत नेसू शकत होते, आपल्या मुली म्हणतही होत्या, पण मला नानाला पांढरा रंग दाखवायचा होता. मी प्रत्येक दारात तुमचं नाव घेतलं, आता न अडखळता. आपल्याच वॉर्डातल्या भिलाटीत रस्त्याचं काम नानाने अडवून ठेवलं होतं, तिथे मी रोज गेले आणि रोज त्या खड्ड्यातूनच चालत गेले, पायवाटेने नाही. नानाच्या सख्ख्या चुलतभावाला त्याच्यापासून फोडलं. कसं फोडलं विचारू नका. त्याच्या लग्नात नानाने केलेलं जुनं काही होतं, ते मला आठवत होतं आणि ते मी त्याला आठवून दिलं. डूख धरणारी बायको कामाला येते ती अशी. नाना समोरून आला की मी पदर सावरायचे, नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "बरं शे ना, नाना?" त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. इतकं सुख मला तुम्ही गेल्यापासून दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मतदानाची सकाळ आली. जमनाबाई दारात उभी, हिरवी साडी, डोक्यावर पदर. म्हणाली, चल, चहाले. त्या बाकड्यावर आजवर बायका बसलेल्या नव्हत्या. सलीमचाचाने फडक्याने बाकडं दोनदा पुसलं आणि म्हणाला, "बसा वहिनी." मग किटली ठेवून आत गेला, तो चहा संपेपर्यंत बाहेर आला नाही. तुमच्यासाठी तो रडला होता, अहो, तिरडीच्या मागे टोपी काढून.

जमनाबाईने माझ्या बशीत चहा ओतला. म्हणाली, "मी तुले देस, तू माले दे. यास्ले घरमा सांगीसन उनू मी. म्हटलं, कोनी तरी खरं ऱ्हावाले पायजे."

"काय म्हने नाना?"

"मान खाले घालीसन बसनात."

मी तिच्या बशीत चहा ओतला. मी "हां" म्हटलं. आम्ही दोघी हात धरून शाळेपर्यंत गेलो, बोटावर शाई लावून घेतली. आधी ती आत गेली, मग मी.

त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी उभी राहिले. वर छत्री, खाली कपबशी. इतका वेळ लावला की बाहेरून कर्मचारी म्हणाला, बाई, बटण दाबा. मला तुमची आठवण येत होती, आणि खरं सांगते, ती हळवी आठवण नव्हती. तुम्ही इथेच उभे राहून छत्री दाबलीत आणि बाहेर येऊन शेंगा सोलल्यात, याचा मला पुन्हा तेवढाच राग आला. मी कपबशी दाबली.

शहाद्याला मतमोजणीला नाना समोरच्या खुर्चीवर होता. निकाल सांगितला. मी जिंकले, दोन मतांनी. नानाने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. मी तिकडे बघत राहिले, पोटभर बघितलं. आता पाच आमचे. त्याने अडवलेला भिलाटीचा रस्ता पहिल्या बैठकीत होईल, आणि तो हात वर करेल तेव्हा त्याच्याकडे बघणाऱ्या पाच जणांत मी असेन. तुमच्या एका मताचं उट्टं मी दोन मतांनी काढलं. पण त्या दोनांतलं एक मत माझं होतं आणि एक जमनाबाईचं.

संध्याकाळी ती आली. हरलेली बाई, हातात वाटीभर शिरा घेऊन. तुमच्या फोटोसमोर वाटी ठेवली, हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आपन दोन्ही खऱ्या उतरनूत ना, विमल? माले दिन्हं ना तू?"

मी म्हटलं, "हां."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली. तो शिरा मी खाल्ला नाही. टाकलाही नाही. सकाळपर्यंत तो तुमच्यासमोर तसाच होता.

नानाने महिन्याभरात येऊन तुम्हाला सांगितलं होतं. ते त्याने का सांगितलं असेल, हे मला परवापासून कळायला लागलं आहे. त्याला माफ मात्र मी केलेलं नाही. ते तुमचं काम होतं, तुम्ही करून गेलात, आणि मला न विचारता केलंत.

जमनाबाईला वाचता येत नाही. तिला सकाळचा पेपर नानाच ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवतो, लग्नापासून. तुमची स्मरणिका छापून आली की तीही तोच वाचेल, आणि ही दोन पानंही त्याच्याच तोंडून तिला कळतील. त्याने घरी येऊन काय म्हटलं होतं ते त्याला स्वतःला वाचावं लागेल. मग मी कोणतं बटण दाबलं तेही वाचावं लागेल, आणि तिथे त्याला बरं वाटेल, वाटू दे. जमनाबाई ऐकून काय करेल ते मला माहीत नाही. वाटी परत न्यायची म्हणून ती मी घासून तयार ठेवली आहे. नाना वाचायला बसेल तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे उभी असेन, आणि तो एकही ओळ गाळतो का ते ऐकत असेन. तुम्ही मधे हसू नका, रतिलाल.